फाशी तर आधीपासनंच आहे की
काल फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकलं, असल्यांना भर चौकात लटकवा, कायदा कडक करा. खाली अंगठ्यांची रांग. जातीधर्माच्या द्वेषातनं माणसं मारणाऱ्यांसाठी कडक कायदा मलाही हवाय, पण काका, फाशी तर आधीपासनंच आहे की.

भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६, एका दलित घरातली चार माणसं मारली. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली आणि त्याच निकालात अ‍ॅट्रॉसिटी, म्हणजे दलित-आदिवासींवरच्या अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू होत नाही म्हणून सांगितलं!! म्हणजे शिक्षा सगळ्यात मोठी, आणि जात मात्र कुठेच नाही. २०१० ला हायकोर्टानं फाशीची २५ वर्षं केली, जातीचा मुद्दा तिथेही टिकला नाही.

आणि पुण्यातलं हडपसर, जून २०१४. फेसबुकवरच्या कसल्यातरी पोस्टवरनं वातावरण पेटलेलं, नमाज पढून घरी निघालेला आयटीतला पोरगा, त्या पोस्टशी काडीचा संबंध नाही, तो मारला गेला. २०१७ ला हायकोर्टाच्या जामीन आदेशात काय, तर त्याचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा, आणि हे चक्क आरोपींच्या बाजूनं धरलं. म्हणजे जे गुन्ह्याचं मूळ तेच सवलतीचं कारण. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला तो आदेश फिरवला खरा, पण २०२३ ला सगळे निर्दोष.

आता जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) आलंय, पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान वगैरेवरनं खून केला तर जन्मठेप नाहीतर फाशी. यादीत धर्म हा शब्दच नाही, समुदायात बसवून घ्या म्हणे. आणि मारणारे चौघंच असले तर? हा आकडा कुठनं काढला देव जाणे.

माझं म्हणणं एवढंच, शिक्षा वाढवू नका, द्वेष एफआयआरमध्ये पहिल्या दिवशी लिहायला लावा आणि साक्षीदार सांभाळा. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २०१४ ला शाळकरी दलित पोराला मारून झाडाला लटकवलं, २०१७ ला आरोपी सुटले कारण साक्षीदार फितूर. फितूर म्हणणं सोपंय हो, कोर्टात ज्याच्याकडे बोट दाखवायचं त्याच्याच दारावरनं रोज दूध घालायला जायचंय त्याला.

हे सगळं ग्रुपवरच टाकलेलं खरं तर. दहा मिनिटांत आईचा फोन, आधी काढ ते, काका काय म्हणतील. काढलं.