खुलासा: कंटेनरमधलं ‘फ्री’ कंटेनरची मेमरी सांगत नाही

‘कंटेनरमध्ये शिरून फ्री किंवा टॉप चालवा, त्याला किती मेमरी उरली ते कळेल,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. (कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमला बाकी मशीनपासून वेगळं ठेवून चालवणारा कप्पा; फ्री आणि टॉप या मशीनचा वापर दाखवणाऱ्या लिनक्सच्या कमांड.) डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या नेहमीच्या मांडणीत तो चुकीचा आहे.

दोन्ही कमांड आकडे ‘प्रॉक’ या सिस्टिमची माहिती देणाऱ्या फोल्डरमधल्या मेमइन्फो फाइलमधून उचलतात आणि तिथे लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) अख्ख्या होस्ट मशीनचा, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतो त्या मशीनचा, हिशेब मांडतो. नेमस्पेसमुळे (कंटेनरला काय दिसावं ते ठरवणारी कर्नलची सोय) प्रोसेसची यादी मात्र फक्त कंटेनरची दिसते, म्हणून मेमरीही त्याचीच असेल असं वाटतं. गफलत होते ती इथे. मेमरीवर मर्यादा घालतो सीग्रुप, म्हणजे कोणी किती मेमरी आणि सीपीयू वापरायचा ते आवरणारी कर्नलची वेगळी सोय. 64 जीबीच्या सर्व्हरवर 512 एमबीची मर्यादा घातलेल्या कंटेनरमध्येही ‘फ्री’ 64 जीबीच दाखवतं, आणि सगळं आलबेल दिसत असताना मर्यादा ओलांडली की तो 137 एक्झिट कोड (जबरदस्तीने बंद केल्याची खूण) देऊन बंद पडतो. (एलएक्ससीएफएस, म्हणजे कंटेनरला त्याचेच आकडे दाखवणारं साधन, जोडलं असेल तर चित्र वेगळं, पण डॉकरमध्ये ते आपोआप येत नाही.)

सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत खरे आकडे ‘मेमरी डॉट करंट’ (वापर) आणि ‘मेमरी डॉट मॅक्स’ (मर्यादा) या फाइलींत असतात. ‘डॉकर स्टॅट्स’ ही कमांड वापरातून कॅशेचा (मेमरीत तात्पुरत्या ठेवलेल्या फाइलींचा) काही भाग वजा करते, त्यामुळे त्याचा आकडा थोडा कमी दिसेल. तो बिघाड नव्हे.

सीपीयूचंही तेच. ‘टॉप’ होस्टचे सगळे कोअर दाखवतं. कंटेनर अडतोय का, हे सीग्रुपच्याच ‘सीपीयू डॉट स्टॅट’ फाइलमधल्या थ्रॉटलिंगच्या (मर्यादेमुळे रोखून धरल्याच्या) आकड्यांवरून पाहावं. सरासरी वापर कमी दिसत असला तरी हे आकडे वाढत असू शकतात.