खोलावं लागेल

गाडी बंद पडली तर बघणाऱ्याला कणव येते. क्लच घसरला की हसू येतं. इंजिन जीव तोडून किंचाळतं, दोन टेकड्यांपलीकडची माणसं माना वळवून बघतात, आणि त्या सगळ्या आकांताच्या मधोमध आपण हेल्मेट घालून जागच्या जागी बसलेले. चढावर असू तर जागच्या जागीही नाही, हळूहळू मागे.

माझी ही शोभा झाली ती ग्लॅमिसला. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला इंपिरियल सँड ड्यून्स नावाचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे, ४० मैलांहून लांब, काही टेकड्या ३०० फूट उंच. हिवाळ्यात अर्धं ॲरिझोना तिथे एटीव्ही, म्हणजे हँडलच्या, जाड टायरांच्या चारचाकी गाड्या, घेऊन जातं. ॲरिझोनातल्या चँडलर गावच्या मराठी माणसाने तिथे का जावं, हा प्रश्न बायकोने विचारून झाला आहे आणि मी उत्तर टाळून झालो आहे. नागावच्या समुद्रकिनाऱ्यावर भाड्याने मिळतात त्या बहुतेक ऑटोमॅटिक. अंगठ्याने ॲक्सिलरेटर दाबला की चालली. माझी जुन्या बाजारातली स्पोर्ट एटीव्ही, ४०० सीसी, पायाने टाकायचे पाच गिअर आणि डाव्या हाताला क्लच. विकणारा म्हणाला होता, ‘‘फार चालवलेली नाही, बायकोच चालवायची.’’ बायको म्हणजे नाजूकपणे चालवणारी, असं त्याने गृहीत धरलं आणि मीही.

अर्ध्या चढावर तिसरा गिअर टाकला, अंगठा दाबला, इंजिनाचा सूर वर गेला आणि गाडी खाली. जळक्या तेलाचा वास आला. सत्तरीच्या एका आजीबाईंनी दोर लावून मला कॅम्पपर्यंत ओढत आणलं. वाटेत त्या दोनदा मागे वळून हसल्या. ते हसू प्रेमळ होतं, त्यामुळे जास्तच लागलं.

मग निदानं सुरू झाली. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी कुंपणावरूनच कार्ब्युरेटर सांगितला. ऑफिसातला नागपूरकर मित्र म्हणाला, ‘‘क्लच प्लेटा गेल्या बे, खोलावं लागते.’’ बायकोने सांगितलं, ‘‘विकून टाक.’’ तिघांपैकी कोणीही गाडीला हात लावलेला नव्हता. मला यूट्यूबने एवढं पटवलं होतं की इंजिनच्या उजव्या बाजूचं कव्हर काढलं की सगळं समोर येतं. मी दहाचा पाना हातात घेतलाही होता.

नेमके तेव्हाच आईअण्णा सहा महिन्यांसाठी आले होते. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालेले. अमेरिकेत त्यांना काही दाखवावं असं मला वाटत होतं, त्यांना मात्र गॅरेजमधल्या त्या लाल गाडीपलीकडे काही बघायचं नव्हतं.

‘‘पाना खाली ठेव,’’ ते म्हणाले. ‘‘खोलावं लागेल असं जो पहिल्यांदा म्हणतो त्याला काही कळत नाही. आमच्याकडे एक होता, हॉर्न वाजला नाही तरी गिअरबॉक्स उतरवायचा.’’

‘‘अण्णा, तुमच्या बसचा क्लच कोरडा, एका प्लेटचा. हा तेलात बुडालेला, सहा-सात प्लेटांचा.’’

‘‘असू दे. केबल तर आहे ना?’’

केबल होती. अण्णांनी क्लचच्या लिव्हरचं टोक दोन बोटांत धरलं आणि हलवून बघितलं. सैल हालचाल जवळजवळ शून्य. मॅन्युअलमध्ये टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढील हवी असं छापलेलं. ढील नसेल तर आपण लिव्हर सोडली तरी आतला क्लच पूर्ण धरत नाही, स्प्रिंगा प्लेटांना हव्या तेवढ्या दाबत नाहीत, आणि प्लेटा एकमेकींवर घासत राहतात. आधीच्या मालकाने, की त्याच्या त्या बायकोने, केबल तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून ठेवली होती. अण्णांनी ॲडजस्टर फिरवला, नट आवळला, आणि ‘झाला की’ अशा अर्थाने मान हलवली.

झाला नव्हता. गल्लीत एक चक्कर मारली, किंचाळणं कमी झालं पण थांबलं नाही. तेव्हा अण्णांनी जॅक लावून मागची बाजू उचलली, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि हाताने चाक फिरवलं. चाक अर्धा फेरा घेऊन थांबलं. इथे या गाड्यांची एक खोड सांगितली पाहिजे. पार्किंग ब्रेक यांच्या क्लचच्याच लिव्हरला बसवलेला असतो. लिव्हर दाबून खटका अडकवला की दुसरी एक केबल मागच्या डिस्कला आवळते. ती केबल अतिताणलेली असेल तर ब्रेक कायमचा थोडासा लागलेलाच. इंजिन ओढतंय, ब्रेक धरतोय, मधल्यामध्ये क्लच भरडला जातोय. अण्णा इतके खूश झाले की त्यांनी आईला स्वयंपाकघरातून बोलावून ते चाक फिरवून दाखवलं. आई म्हणाली, ‘‘छान आहे हो,’’ आणि परत गेली.

तिसरा गुन्हेगार शेल्फवर उभा होता. विकणाऱ्याने उदार मनाने दिलेला तेलाचा अर्धा डबा. मागे गोल शिक्का आणि त्याच्या खालच्या कडेला इंधन वाचवणारं तेल अशा अर्थाचे शब्द. ते मोटारीसाठी ठीक. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि तेलात बुडालेला क्लच तर घर्षणावरच जगतो. अशा क्लचसाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हे जपानी मानक लिहिलेलं तेल घ्यायचं असतं. मी हे समजावून सांगितल्यावर अण्णा डब्याकडे बघत राहिले. ‘‘म्हणजे निसटावं म्हणून तेल घातलं, आणि निसटतो म्हणून केबल ताणली. शाबास.’’

तेल बदललं. फरक पडला, पण अंगठा पूर्ण दाबला की सूर पुन्हा वर. आता अण्णांनी चष्मा पुसला, बाह्या सारल्या आणि अत्यंत समाधानाने म्हणाले, ‘‘खोलावं लागेल.’’

खोलण्यात फार काही नसतं, वेळ जातो तो पॅकिंग खरवडण्यात. जुनं पॅकिंग ॲल्युमिनियमला असं चिकटलेलं असतं की इंजिन त्याच्याभोवती बांधलं असावं. आतल्या स्टीलच्या प्लेटा तापून निळ्या पडलेल्या. फ्रिक्शन प्लेटा व्हर्निअरने मोजल्या, मर्यादेपेक्षा पातळ. स्प्रिंगा आखूड झालेल्या. स्टीलच्या प्लेटा वाकल्या आहेत का हे सपाट काचेवर ठेवून खालून फिलर गेजची पातळ पट्टी सरकवून बघतात, आणि घरात सपाट काच एकच होती, डायनिंग टेबलाची. बायको ऑफिसला गेली होती. त्या दुपारी जे घडलं ते तिने दुसऱ्या दिवशी वरणात हलकासा पेट्रोलचा वास येतोय म्हणून ओळखलं.

नवा संच आला. नव्या फ्रिक्शन प्लेटा कोरड्या बसवायच्या नसतात, आधी तेलात भिजवाव्या लागतात. दिवाळीच्या फराळासाठी आणलेल्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये अण्णांनी त्या रात्रभर ठेवल्या. सकाळी आईने झाकण उचललं. ‘‘अहो, हे काय भिजत घातलंय?’’

‘‘क्लच प्लेटा.’’

‘‘बरं. मी म्हटलं उपासाचं काही आहे की काय.’’

स्प्रिंगांचे बोल्ट सहा मिलीचे, तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळायचे. जास्त जोर केला तर आटे जातात किंवा मान तुटते. मी त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर झाला की टक्कन वाजणारा पाना, विकत आणला होता. अण्णांनी तोवर सगळे मनगटाच्या अंदाजाने आवळले. मी गुपचूप रेंच लावला तर प्रत्येक बोल्टवर तो जागच्या जागी टक्कन वाजला. अण्णा मुद्दाम गॅरेजबाहेर बघत होते.

खंडेनवमीला पान्यांची पूजा झाली, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार. बटण दाबलं आणि काही नाही. इंजिन मेलं म्हणून माझा चेहरा उतरला. गिअरमध्ये असताना क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ नये म्हणून लिव्हरजवळ एक स्विच असतो. त्याचा प्लग हारात अडकून निघाला होता. देवाचं काम म्हणून कोणी कोणाला बोललं नाही.

ग्लॅमिसला मी चढून आलो, अण्णाही हळूच एका टेकाडावर जाऊन आले. मग बायको म्हणाली, ‘‘द्या इकडे, बघू.’’ निशाणासाठी जमिनीपासून आठ फूट उंच झेंड्याची काठी सक्तीची आहे, त्यामुळे ती दिसत नव्हती तरी झेंडा दिसत होता. तो सर्वांत मोठ्या टेकडीवर चढला, पलीकडे गेला, बऱ्याच वेळाने तिसरीकडूनच उगवला.

ती परत आली, हेल्मेट काढलं.

‘‘कसा लागला क्लच?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘तो डावीकडचा दांडा ना? निघताना एकदा दाबला. वरचे गिअर पायाने ढकलले की पडतात आपोआप, पुढे लागलाच नाही तो.’’ मग आमच्या दोघांकडे बघून म्हणाली, ‘‘पण मग इतके दिवस तुम्ही नेमकं दुरुस्त काय करत होतात?’’