द म्हणजे काही नाही

आमच्या पतसंस्थेत धोक्याचा भोंगा आहे. लॉकरच्या खोलीबाहेर, पालीच्या नेहमीच्या जागेच्या जरा वर. बसवला तेव्हा एकदा वाजवून दाखवला होता, त्यानंतर तो गप्पच. गेल्या पावसाळ्यात त्याचा लाल दिवाही लागेना, म्हणून मी देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीला फोन लावला. पलीकडून मुलीचा आवाज आला, आणि तोही इंग्रजीतून. मी कॅशियर आहे. लाखाची थप्पी मोजताना माझं बोट अडखळत नाही, पण इंग्रजी कानावर पडलं की जीभ टाळूला चिकटते.

"सर, डिड द अलार्म गो ऑफ?"

ऑफ म्हणजे बंद. पंख्याच्या बटणाशेजारी लिहिलेलंच असतं. मी म्हटलं, "येस मॅडम. ऑफ."

"व्हेन, सर?"

"सिन्स लास्ट एट डेज."

पलीकडे जरा शांतता. "सर, इट हॅज बीन गोइंग ऑफ फॉर एट डेज?"

"येस. टोटल ऑफ."

"इज एव्हरीवन सेफ, सर?"

परक्या मुलीला आपली एवढी काळजी, मला भरून आलं. "व्हेरी सेफ. नोबडी नोज."

दहा मिनिटांनी चेअरमन अण्णांचा फोन आला. जेवत होते बहुतेक, तोंडात घास होता. "काय हो कॅशियर, संस्थेत आठ दिवस भोंगा बोंबलतोय आणि तुम्ही कुणाला पत्ता लागू दिला नाही? ती बाई विचारतेय, पोलिसांना कळवू का म्हणून!"

त्या दिवशी कळलं की इंग्रजीत भोंगा 'गो ऑफ' झाला म्हणजे वाजला. दूध गो ऑफ झालं म्हणजे नासलं. माणूस गो ऑफ झाला म्हणजे निघून गेला. दिवा गो ऑफ झाला तर मात्र खरोखरच बंद झाला. एका दोन अक्षरी शब्दाने किती घरं फिरावीत!

माझं इंग्रजी वाईट आहे असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. 'हायपोथिकेशन' मी डोळे मिटून लिहितो. 'कोलॅटरल', 'डिफॉल्टर', 'रिहॅबिलिटेशन' यांची स्पेलिंगं मला झोपेतही येतात. हे झाले मोठे शब्द, पाचशेच्या कोऱ्या नोटा. माझी पंचाईत होते ती चिल्लरची. द, अ, इन, ऑन, ॲट, अप, ऑफ. खिशात नोटांची चळत आहे आणि दहा रुपयांचा चहा पिऊन मी टपरीवाल्यासमोर ओशाळा उभा आहे, अशी माझी इंग्रजीतली परिस्थिती आहे.

याचं मूळ पाचवीत आहे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आम्ही त्याच्या आधीचे. चार वर्षं सुखात काढून १९८९ मध्ये पाचवीत आम्ही एबीसीडीला पहिल्यांदा सामोरे गेलो. गुरुजी फळ्यावर वाक्य लिहीत आणि खाटकाने बोकड सोलावा तसं ते सोलत.

"द काउ इज व्हाइट. काउ म्हणजे गाय. इज म्हणजे आहे. व्हाइट म्हणजे पांढरी. गाय पांढरी आहे. लिहा."

मी हात वर केला. "गुरुजी, द म्हणजे?"

गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं. तो 'द' तिथे आहे हे त्यांच्याही नुकतंच लक्षात आलं असावं.

"द म्हणजे काही नाही."

"मग लिहायचा कशाला?"

उत्तर पट्टीने मिळालं, डाव्या हातावर. मी शब्दार्थाच्या वहीत प्रामाणिकपणे लिहिलं: द – काही नाही. ती वही गेली, अर्थ राहिला. पुढची पाच वर्षं मी 'द' हा जेवणातल्या कोथिंबिरीसारखा वापरला. वाक्य रिकामं दिसलं की वरून थोडा भुरभुरायचा.

दहावीत तर इंग्रजी हा विषय राहिलाच नाही, त्याचा कारखाना झाला. प्रश्नपत्रिकेवर हुकूम यायचा, 'डू ॲज डायरेक्टेड', आणि आम्ही वाक्यं कापायला बसायचो. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह. 'टू' काढून टाका. 'ॲज सून ॲज'च्या जागी 'नो सूनर… दॅन' घाला. 'नो सूनर'ला 'दॅन' लागतं आणि 'हार्डली'ला 'व्हेन', हे मी आजही सांगू शकतो. गेल्या तीस वर्षांत मला कुणीही 'नो सूनर' म्हटलेलं नाही. आमच्या काउंटरवर एखादा खातेदार येऊन म्हणाला असता की नो सूनर डिड आय डिपॉझिट द मनी दॅन माय ब्रदर-इन-लॉ केम टु बॉरो इट, तर मी त्याला खुर्ची देऊन चहा पाजला असता.

आणि तो अनसीन पॅसेज! त्याला अनसीन का म्हणत, ते मला उशिरा उमगलं. तो न बघताच सोडवायचा असतो. समजा उताऱ्यात आलं, 'द झिंबू वॉज ग्रफली बिकॉज इट हॅड लॉस्ट इट्स टोप.' आणि खाली प्रश्न आला, 'व्हाय वॉज द झिंबू ग्रफली?' झिंबू हा प्राणी की सरकारी अधिकारी, ग्रफली म्हणजे दुःखी की ओला, काही कळायची गरज नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, 'बिकॉज'पासून पुढचं जसंच्या तसं उतरवायचं, दोनपैकी दोन मार्क. या पद्धतीने मी बोर्डात इंग्रजीला ६१ मिळवले. आमच्या आळीत तेव्हा पेढे वाटले होते.

ही सगळी कमाई भोंग्याने एका फोनमध्ये बुडवली. त्यात माझी मुलगी सातवीत, सेमी इंग्रजीला. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि रागावणं मराठीतून. त्याच आठवड्यात तिने विचारलं, "बाबा, इथं द का आलाय?" मी म्हटलं, "येतो." "पण का?" "नियम आहे." तिने माझ्याकडे जे पाहिलं ना, तसं फक्त ऑडिटर पाहतो.

म्हणून शेहेचाळिसाव्या वर्षी मी मुळापासून सुरुवात करायची ठरवलं. पुण्यात लग्नाला गेलो होतो, तेव्हा अप्पा बळवंत चौकातून जुनं रेन अँड मार्टिनचं व्याकरण आणलं. एकशेवीस रुपये, वाळवी फुकट. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि फ्रेंच परदेशी फलटणीवरच्या साहसी कादंबऱ्या लिहून जगभर गाजले. व्याकरण शिकवणाऱ्याला वाळवंटातल्या लढाया का सुचतात, ते चाळिसाव्या पानावर मला नीट कळलं. शिवाय त्या पुस्तकातल्या स्वाध्यायांच्या उत्तरांचं पुस्तक वेगळं मिळतं. आपण चुकलोय हे कळायलाही वेगळे पैसे. आमच्याकडे याला प्रोसेसिंग फी म्हणतात.

'अ' आणि 'ॲन'चा नियम स्पेलिंगवर नाही, उच्चारावर चालतो, हे समजलं तेव्हा फार बरं वाटलं. मी लगेच गावातल्या मंडळींवर तो चालवून पाहिला. सरपंच असेल तर 'अ'. आमदार झाला, एम.एल.ए., की 'ॲन'. खासदारालाही 'ॲन'. पण मंत्री झाला, मिनिस्टर, की पुन्हा 'अ', थेट सरपंचाच्या रांगेत. इंग्रजीला राजकारण कळत नाही असं कोण म्हणतं?

'द'चं प्रकरण मात्र अवघड निघालं. संध्याकाळी मी प्रीतिसंगमावर फिरायला जातो. कृष्णा आणि कोयना दोघी निघतात महाबळेश्वरातून आणि कराडात येऊन समोरासमोर गळ्यात पडतात. पुस्तक म्हणतं, नदीला द. म्हणजे द कृष्णा, द कोयना. उत्तम. पण तळ्याला आणि सरोवराला द नाही! म्हणजे हीच कोयना वर धरणात अडवली, तिचा शिवसागर झाला, की तिचा द गेला. गावं बुडाली तसा तोही बुडाला. दरवाजे उघडून पाणी खाली सोडलं की द परत. सिंचन खात्याच्या अधिकाऱ्यांना आपण नेमकं काय काय सोडतोय याची कल्पना नसावी. डोंगरांचं आणखी निराळं. अख्ख्या सह्याद्रीला द, पण त्यातल्या महाराष्ट्रात सगळ्यांत उंच, १,६४६ मीटरच्या कळसूबाईला नाही. दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाला इंग्लंडमध्ये द लागत नाही, अमेरिकेत लागतो. तिकडचं सगळंच महाग म्हणा.

व्याकरणाला जोड म्हणून शब्दसंग्रह. दोनशे पानी वही, रोज पाच शब्द. इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचा, असा सल्ला स्पर्धा परीक्षेची पोरं एकमेकांना देतात, तो मी ऐकला. पहिल्या परिच्छेदातच चौदा शब्द अडले. ते शब्दकोशात शोधून होईपर्यंत ज्या मंत्र्याला उद्देशून अग्रलेख होता त्याने राजीनामा दिला होता. वहीत 'ऑब्फस्केट' असा शब्द आला, म्हणजे गोंधळ वाढवून मुद्दा झाकणे. मी तो संध्याकाळी घरात वापरला. बायको म्हणाली, "अहो, ते काय असेल ते नंतर करा, आधी दळण आणा."

पण या वहीने मला दोन सुखं दिली. एक धंद्यातलं. कर्जाला इंग्रजीत 'डेट', त्यात एक बी दडलेला. पावतीला 'रिसीट', तिच्यात एक पी. दोघांचाही उच्चार नाही. मूळच्या इंग्रजी शब्दांत ही अक्षरं नव्हतीच. नंतरच्या पंडितांनी लॅटिनशी नातं दाखवायला ती मधे घुसडली. कर्जात आणि पावतीत, नेमक्या याच दोन ठिकाणी, कुठेच न बोलणारी नोंद! आमच्याकडे हे सापडलं असतं तर संचालक मंडळ बरखास्त झालं असतं.

दुसरं सुख म्हणजे मुंगूस. इंग्रजीतला 'मंगूस' हा शब्द मराठीतून गेला आहे, आपलं मुंगूसच ते. हे वाचल्यावर मी घरभर हिंडून सगळ्यांना सांगितलं. मुलीने विचारलं, "एक गूस, अनेक गीज. मग अनेक मंगीज?" पाहिलं, तर नाही. 'मंगूसेस.' माझी मान ताठ झाली. इतकी वर्षं साहेबाच्या बिळात राहूनही त्याने साहेबाचं अनेकवचन घेतलं नाही.

बाकी वही सत्तराव्या पानावर थांबली. शब्द लिहिले की आठवत, वाचले की भेटत नसत. एका रविवारी मुलीने तिच्या शाळेच्या वाचनालयातलं चोवीस पानी गोष्टीचं पुस्तक माझ्यासमोर टाकलं. हरवलेल्या छत्रीची गोष्ट. मोठी चित्रं, पानावर चार ओळी. जरा अपमान झाला, पण दार लावून घेतलं आणि वाचलं. शब्दकोश नाही, पेन्सिल नाही. पहिल्या ओळीत होती 'ॲन अंब्रेला'. दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत, बसमध्ये, पावसात, म्हशीच्या शिंगावर, सगळीकडे 'द अंब्रेला'.

मी पुन्हा पहिल्या पानावर गेलो. आजी सांगायची, आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या. एक राजा, मग त्या राजाला. पहिल्यांदा दिसला तेव्हा 'एक', ओळख झाली की 'त्या'. हा 'त्या' म्हणजेच तो 'द'! नद्या-डोंगरांचं त्यांचं ते बघून घेतील, पण छत्रीपुरता मी सुटलो. रेनसाहेबांनी चारशे पानं खर्ची घातली, गुरुजींनी एक पट्टी, आणि गाठ सुटली ती म्हशीच्या शिंगावर.

मी धावत जाऊन मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "हां. मग तसं सांगायचं ना बाबा. नियम आहे काय?"

त्यानंतर महिन्याभरात मी तशी अकरा पुस्तकं संपवली. वाचनालयाच्या कार्डावर नाव तिचं आहे. बाईंना वाटतं पोरगी अचानक वाचायला लागली.

गेल्या मंगळवारी काउंटरवर आमचा बंगाली कारागीर आला होता. सराफपेठेत दागिने घडवतो, दर आठवड्याला पैसे भरायला येतो. मराठी शिकतोय, जिद्दीने. खिशात छोटी वही असते. स्लिप भरता भरता म्हणाला, "साहेब, एक विचारू? तुम्ही बोलते, उद्या या. कधी बोलते, उद्याच या. तुम्हीच या. नक्कीच या. हा च… च म्हणजे काय?"

मी नोटांवरून हात काढला. च म्हणजे. उद्या आणि उद्याच यांत फरक आहे, मला छातीत कळतो, पण तो ओठांवर येईना. मागे रांग वाढत होती. कुणीतरी खाकरलं. तो पेन उघडून, वहीचं कोरं पान समोर धरून उभा.

"च म्हणजे काही नाही," मी म्हटलं.

त्याने ते लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "काही नाही तर मग लावायचा कशाला?"

"लावायचाच," मी म्हटलं.