स्कॅग्वे : सोने न सापडलेल्यांचे गाव

गेल्या ऑगस्टमध्ये मुलीने आम्हा दोघांना सिएटलहून निघणाऱ्या अलास्काच्या सात दिवसांच्या क्रूझवर नेले. विट्याला परतल्यापासून भेटणारा प्रत्येक जण हिमनद्यांविषयी आणि जहाजावरच्या जेवणाविषयी विचारतो, आणि मी मात्र दर वेळी स्कॅग्वे नावाच्या एका लहानशा बंदराविषयीच बोलू लागते. त्या गावात आम्ही जेमतेम दहा तास होतो. तरीही सबंध प्रवासात मनात रुतून बसले ते तेवढेच गाव, आणि त्याचे कारण माझ्या मते आपल्या खानापूर-आटपाडीच्या मातीत आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

लिन कॅनॉल नावाची समुद्राची एक लांब, अरुंद आणि अतिशय खोल खाडी दोन्ही बाजूंच्या उंच डोंगरांमधून उत्तरेकडे जाते, आणि जिथे ती संपते तिथे, डोंगरांच्या पायथ्याशी उरलेल्या चिंचोळ्या सपाटीवर स्कॅग्वे वसलेले आहे. नाव मूळच्या ट्लिंगिट लोकांच्या भाषेतले आहे आणि त्याचा संबंध तिथल्या बोचऱ्या वाऱ्याशी आणि त्याने खवळणाऱ्या पाण्याशी जोडला जातो. धक्क्यावर पाय ठेवताच तो वारा अंगावर आला. धक्क्याला लागून उभा कडा आहे आणि त्यावर आजवर येऊन गेलेल्या जहाजांची नावे खलाशांनी रंगवून ठेवलेली आहेत. त्याच कड्यावरून 2022 मध्ये दरडी कोसळल्या आणि धक्क्याचा काही भाग बंद ठेवावा लागला होता. 2020 च्या जनगणनेनुसार या गावाची लोकसंख्या 1,240 आहे. आमच्या एकट्या जहाजावर त्याच्या दुपटीहून अधिक प्रवासी होते, आणि त्या दिवशी धक्क्यांवर तशी आणखी तीन जहाजे लागलेली होती.

जहाजातून उतरणारी बहुतेक गर्दी ब्रॉडवे या मुख्य रस्त्यावरील दागिन्यांच्या दुकानांत शिरते. उतरण्यापूर्वीच जहाजावर त्या दुकानांची माहितीपत्रके वाटली जातात, त्यामुळे माणसे जणू ठरवूनच तिकडे जातात. मला हे मनापासून खटकले. ज्या गावाच्या पाठीमागे एवढा मोठा मानवी इतिहास उभा आहे, तिथे येऊन कुठल्याही शहरात मिळणारी अंगठी पाहण्यात दोन तास घालवणे ही माझ्या दृष्टीने त्या गावाची उपेक्षा आहे. आम्ही सरळ चालत जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत गेलो. 1976 मध्ये स्थापन झालेल्या क्लोंडाइक गोल्ड रश राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचे माहिती केंद्र तिथे आहे, प्रवेश विनामूल्य आहे, आणि गणवेशातील एक तरुण मुलगी नकाशासमोर उभी राहून सगळी हकिकत अतिशय आस्थेने सांगत होती.

ऑगस्ट 1896 मध्ये कॅनडातील युकॉन प्रदेशात, क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोने सापडले. कीश ऊर्फ स्कूकम जिम, डॉसन चार्ली आणि जॉर्ज कारमॅक ही त्या शोधाशी जोडलेली नावे आहेत. बातमी बाहेर पोहोचायला जवळजवळ एक वर्ष लागले. जुलै 1897 मध्ये सोने घेऊन आलेली जहाजे सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलच्या बंदरांत लागली, आणि कारकून, शेतमजूर, न्हावी, शिक्षक अशी डोंगर कधी न चढलेली माणसे हातातले काम टाकून उत्तरेकडे निघाली. समुद्रमार्ग स्कॅग्वेला आणि जवळच्या डाया गावाला संपत असे. तिथून पुढे खिंड ओलांडून, गोठलेल्या सरोवरांच्या काठी होड्या बांधून, शेकडो मैलांचा नदीप्रवास करायचा होता. उपासमार होऊ नये म्हणून कॅनडाच्या पोलिसांनी हद्दीवर नियम केला होता की प्रत्येकाजवळ सुमारे वर्षभराचा शिधा असलाच पाहिजे. हत्यारे, तंबू, कपडे धरून ते ओझे एक टनाच्या आसपास जाई. एक टन म्हणजे नऊ-दहा क्विंटल. सांगलीच्या हळद पेठेत पाठीवर पोते घेऊन जाणारा हमाल आपण रोज पाहतो. तशी पंधरा-वीस पोती एका माणसाने बर्फातून, उभ्या चढावरून, एकेक खेप करत वर न्यायची, आणि प्रत्येक खेपेनंतर रिकाम्या हाताने पुन्हा खाली यायचे. डायाहून निघणाऱ्या चिलकूट खिंडीच्या वाटेवर अशा तीस-चाळीस खेपा कराव्या लागत.

स्कॅग्वेहून निघणारी व्हाइट पास खिंडीची वाट तुलनेने कमी उंचीची होती, म्हणून लोकांनी तिथे घोडे आणि खेचरे नेली. त्याच वाटेच्या कडेने आज जी रेल्वे जाते, तिच्यात बसून आम्ही सकाळी खिंडीच्या माथ्यापर्यंत जाऊन आलो. तिकीट महाग आहे, पण त्याबद्दल मला खंत वाटली नाही. मे 1898 मध्ये काम सुरू झालेला हा लोहमार्ग 29 जुलै 1900 रोजी पूर्ण झाला. स्कॅग्वेपासून माथ्यापर्यंतच्या वीस मैलांत तो 2,865 फूट चढतो. मार्ग अरुंद आहे, रुळांमधील अंतर तीन फूट. माझे आजोळ कवठेमहांकाळचे असल्यामुळे मिरजेहून पंढरपूरकडे जाणारी बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी हे माझ्या लहानपणाचे सगळ्यात मोठे सुख होते. 1927 मध्ये मिरजेपर्यंत आलेली ती वाट आता ब्रॉडगेज झाली आहे. त्या डब्यांचे डोलणे, वळणावर खिडकीतून आपल्याच गाडीचे इंजिन दिसणे, हे सारे इतक्या वर्षांनी, इतक्या दूरच्या खिंडीत पुन्हा अनुभवायला मिळाले आणि माझे डोळे भरून आले.

मात्र हे सुख फार काळ टिकले नाही. वाटेत एका घळीपाशी निवेदकाने सांगितले की तिचे नाव ‘मेलेल्या घोड्यांची घळ’ असे आहे. 1897-98 च्या हंगामात या वाटेवर सुमारे तीन हजार जनावरे मेली. चिखल, निसरडे खडक, बेसुमार ओझे, चाऱ्याचा अभाव आणि जनावर कसे हाताळावे हेच ठाऊक नसलेले मालक, ही त्याची कारणे होती. डब्यातल्या लोकांनी खिडकीतून छायाचित्रे काढली. माझे यजमान काही न बोलता मान खाली घालून बसले. त्यांच्या घरी दोन खिलार बैल होते, खरसुंडीच्या यात्रेतून आणलेले. 1972 च्या दुष्काळात त्यांतला एक दावणीलाच गेला. ज्यांनी उपाशी जनावराचे डोळे पाहिले आहेत त्यांना तीन हजार हा आकडा नुसता ऐकून सोडून देता येत नाही.

दुपारी गावात फिरलो. आर्क्टिक ब्रदरहूड या संघटनेच्या 1899 च्या सभागृहाचा दर्शनी भाग किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडांच्या आठ हजारांहून अधिक तुकड्यांनी मढवलेला आहे, आणि सगळे पर्यटक तिथेच छायाचित्र काढतात. मला त्याहून अधिक जवळचे वाटले ते कॅप्टन विल्यम मूर यांचे साधे लाकडी खोपट. सोन्याच्या बातमीच्या दहा वर्षे आधी, 1887 मध्ये, ही खिंड पुढे महत्त्वाची ठरेल हे ओळखून ते इथे येऊन राहिले होते. खिंडीची पाहणी करताना त्यांच्यासोबत तोच स्कूकम जिम होता. गर्दी आली तेव्हा तिने मूर यांची जमीन विचारात न घेता रस्ते आखले, भूखंड पाडले आणि त्यांनाच बाजूला सारले. पुढे न्यायालयात जाऊन त्यांना भरपाई मिळवावी लागली. ट्लिंगिट लोकांचे तर त्याहून मोठे नुकसान झाले, कारण या खिंडींतून चालणारा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या ताब्यात होता. माहिती केंद्रात हे दडवलेले नाही, याचे मला विशेष वाटले.

एका ठिकाणी पर्यटकांकडून थाळीत वाळू धुऊन सोन्याचे कण काढून घेतात. थाळी पाण्यात गोल फिरवली की हलकी वाळू वाहून जाते आणि सोने जड असल्यामुळे तळाशी राहते. शिकवणारा तरुण मला रीत समजावू लागला, आणि मी ती पूर्वीच जाणते हे पाहून त्याला आश्चर्य वाटले. मी गलाईवाल्याची मुलगी आहे. माझे वडील चौदाव्या वर्षी घर सोडून केरळात त्रिचूरला गेले आणि पुढची चाळीस वर्षे त्यांनी इतरांचे सोने गाळले. जुने दागिने मुशीत वितळवणे, आम्लाने त्यातली चांदी आणि तांबे वेगळे करणे, टंच म्हणजे सोन्याचा कस काढणे, आणि सोनारांच्या दुकानातला केर विकत घेऊन तो जाळून, धुऊन त्यातला कण न्‌ कण मिळवणे हा त्यांचा धंदा. सुट्टीत त्यांच्याकडे गेल्यावर मीही केर धुतलेला आहे. त्यांच्या हातून दिवसाला जेवढे शुद्ध सोने जात असे, तेवढे आमच्या घराने आयुष्यभरात पाहिले नाही. आईच्या गळ्यात काळी पोत आणि दोन डोरली होती. पाण्याअभावी गाव सुटलेली खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडील खटाव-माणमधील हजारो माणसे अशीच देशभर पसरली. टेंभूच्या योजनेने कृष्णेचे पाणी आता आमच्या शिवारात आले आहे, पण गेलेल्यांची घरे आता तिकडेच झाली आहेत.

त्या थाळीच्या तळाशी पाच-सहा कण चमकले. तरुणाने ते लहानशा कुपीत घालून दिले.

जहाजाकडे परतण्यास अजून अडीच तास होते, म्हणून आम्ही गावाबाहेर सुमारे दोन मैलांवरच्या जुन्या दफनभूमीकडे निघालो. फ्रँक रीड यांची मोठी दगडी समाधी तिथे आहे. सोपी स्मिथ हा ठकसेन आणि त्याची टोळी नवख्यांना लुबाडत असे. 8 जुलै 1898 रोजी धक्क्यावर झालेल्या गोळीबारात तो मारला गेला, रीड जखमी झाले आणि काही दिवसांनी वारले. स्कॅग्वेच्या अब्रूसाठी प्राण दिले, अशा अर्थाचा लेख त्यांच्या समाधीवर कोरलेला आहे. सर्व पर्यटक तेवढे पाहून मागच्या धबधब्याकडे जातात. मी मात्र झाडीतल्या लाकडी पाट्या वाचत राहिले. त्यांपैकी कित्येक जण विशी-तिशीतले होते. 1898 मध्ये इथे मेंदूज्वराची साथ आली होती. काही पाट्यांवर नावच नाही, केवळ ‘अनोळखी’ असे लिहिलेले आहे. त्याच वर्षी 3 एप्रिलला चिलकूट वाटेवर हिमकडा कोसळून साठांहून अधिक माणसे गेली, त्यांची दफनभूमी डाया येथे आहे. ते गाव रेल्वे झाल्यावर ओस पडले.

सुमारे एक लाख माणसे घराबाहेर पडली, तीस ते चाळीस हजार क्लोंडाइकच्या काठच्या डॉसन गावापर्यंत पोहोचली आणि सोने सापडले ते जेमतेम चार हजारांना, असा अंदाज दिला जातो. बाकीचे रिकाम्या हातांनी परतले, किंवा परतलेच नाहीत. रेल्वे पूर्ण झाली तोपर्यंत गर्दीही ओसरली होती. पुढे ती रेल्वे खाणींच्या मालावर जगली, 1982 मध्ये बंद पडली आणि 1988 मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाली. थोडक्यात, आज वर्षाला दहा लाखांच्या घरात माणसे या गावात येतात ती सोन्यासाठी येत नाहीत. हरलेल्या माणसांच्या खुणा या गावाने पुसल्या नाहीत, त्यांच्या खोपटांची, चपलांची, पत्रांची आणि थडग्यांची निगा राखली, त्यावर आज त्याचा संसार चालतो आहे. हेच मला सर्वांत मोलाचे वाटले. येणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा असावी, असेही माझे स्पष्ट मत आहे. शेजारच्या जुनो शहराने 2024 पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे असा करार केला आहे, आणि बाराशे वस्तीच्या गावाला त्याची गरज अधिक आहे.

आपल्याकडे गलाईवाल्यांच्या यशाच्या कथा आवडीने सांगितल्या जातात. कोणाचा बंगला झाला, कोणी गावाला कमान बांधून दिली, कोणी मंदिराचा जीर्णोद्धार केला, हे सर्वांना पाठ असते आणि त्याचा मलाही अभिमान आहे. पण आम्लाच्या धुराने छाती गेलेली माणसे, परमुलखात भाषा न येता पोरवयात भट्टीशेजारी झोपलेली मुले, वर्षातून एकदा रेवणसिद्धाच्या यात्रेला येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहत कोरडवाहू रान सांभाळणाऱ्या बायका, आणि काहीच न कमावता परतल्यामुळे गावात मान खाली घालून वावरलेले लोक, यांच्याविषयी एखादे दालन मी आजवर आपल्या भागात पाहिलेले नाही. विट्यात एखाद्या जुन्या वाड्याच्या दोन खोल्या त्यासाठी मिळाल्या तरी पुष्कळ काम होईल, आणि ते आत्ताच व्हायला हवे, कारण साठच्या दशकात बाहेर पडलेली पिढी आता थकली आहे.

परतल्यावर मी भावाकडे जाऊन वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत भट्टीचा लांब चिमटा, कसोटीचा दगड, तडा गेलेली एक मूस, आणि आईला पाठवलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्यांचा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा निघाला. बहुतेक पावत्या पंधरा-वीस रुपयांच्या आहेत. त्या मी तारखेनुसार लावून घेतल्या आहेत. ज्यांच्या घरी अशा वस्तू, पत्रे किंवा छायाचित्रे असतील त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी मला कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि प्रत्येक वस्तू कोणाची, कोणत्या गावची आणि तो माणूस कुठे गेला होता, याची नोंद करून ठेवीन. पहिली नोंद वडिलांची आहे. त्यांच्या चिमट्याशेजारी स्कॅग्वेची ती कुपीही ठेवली आहे.