माटोळी आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी

मी डिझायनर. कपड्यांचा नव्हे (स्थळं येतात तेव्हा हे आधीच सांगावं लागतं), मशीनच्या ब्रॅकेट-कव्हरांचा, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत. माझी पद्धत म्हणाल तर कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी उघडायचा, आधी डोळे मिटून हवेतल्या हवेत ती वस्तू जोडायची, बोल्ट घालायचा, पाना फिरवायचा. हे मी फोंडा-पणजी कदंब बसमध्ये बसून करतो, त्यामुळे शेजारची सीट बहुतेक रिकामीच असते. पण त्याला कारण आहे. एकदा एम 8 चा बोल्ट रिबला (आधाराच्या उभ्या पट्टीला) अगदी चिकटून दिला होता, स्क्रीनवर काय देखणा दिसत होता, पण 13 चा पाना काही जाईना. फिटर ड्रॉइंग घेऊन वर आला नि शांतपणे म्हणाला, "सायबा, पानो खंयच्यान घालूं?" पाना कुठून घालू! ते वाक्य अजून स्वप्नात येतं.

तर असा पोळलेला मी. यंदा चवथीआधी काका म्हणाले माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगतात त्या, फ्रेमची एक पट्टी ढिली झालीय, आणि मी पटकन "नवीन मी करतो" बोलून बसलो.

आधी लोड काढला. असोला (न सोललेला) नारळ काट्यावर ठेवला, दीड किलो. मग नारळाची पेंड, केळ्यांचा घड, चिबूड, तवशी, निरफणस, सुपारीचे कात्रे असं सगळं धरून 45 किलो, फॅक्टर ऑफ सेफ्टी 3, म्हणजे खबरदारी म्हणून तिप्पट वजन धरायचं, 135. आई म्हणाली, "आणि गणपती?" म्हटलं तो खाली पाटावर, तो नाही धरायचा. "देवाला धरत नाहीस?" यावर आमच्या सिलॅबसमध्ये उत्तर नाही. मटेरियल मला 316 स्टेनलेसच हवं होतं, आपली खारी हवा, मॉलिब्डेनममुळे क्लोराइडला टिकतं वगैरे मी समजावत होतो, आईने फक्त किंमत विचारली. मग 25 बाय 25 बाय 3 चा साधा एमएस, म्हणजे लोखंडी, अँगल, वर रेड ऑक्साइड. सहा फूट बाय चार, मध्ये पाच आडव्या, नुसती फ्रेमच साडेतेरा किलो! वाशांखाली दोन इंच सोडून टांगली आणि स्वतः लोंबकळून दाखवलं. वासे कुरकुरले, फ्रेम ढिम्म.

चवथीच्या आदल्या दिवशी काका केवणीच्या सालीचे दोर खांद्यावर टाकून स्टुलावर चढले. पहिला दोर अँगलच्या धारेवर कापला गेला. दुसरा रंगावरून सुळकन सरकत पार कोपऱ्यात. तिसऱ्या वेळी त्यांनी हात वरून घातला, दोन इंचात पंजा गेला पण गाठ मारायला मूठ वळेना. हात तसाच अडकलेला, काकांनी खाली माझ्याकडे बघितलं.

"बाबू, हात खंयच्यान घालूं रे?"

मग माळ्यावरून जुनी लाकडी फ्रेम उतरवली, ढिल्या पट्टीला सुतळी गुंडाळली, आणि चार हुक लावून ती माझ्या फ्रेमला खाली टांगली. तासाभरात माटोळी भरली. आता आरतीला येणारा प्रत्येकजण मान वर करून विचारतो, ते वरचं लोखंड कशाला? काका प्रसाद देता देता सांगतात, "ते? फॅक्टर ऑफ सेफ्टी."