खुलासा : मोटर ग्लायडर आदळलं म्हणजे इंजिन बंद पडलं असं नाही

प्रशिक्षणादरम्यान मोटर ग्लायडर (लांब पंखांचं, छोटं इंजिन बसवलेलं ग्लायडर) धावपट्टीवर आदळल्याची बातमी आली की पाठोपाठ एक मेसेज फिरतो: ‘इंजिन बंद पडलं की हे विमान दगडासारखं खाली येतं.’ हे चूक आहे.

डिमोना किंवा ग्रोब १०९ सारखं मोटर ग्लायडर इंजिन बंद असताना १ किलोमीटर उंचीवरून, वारा नसेल तर, साधारण २५ किलोमीटरपर्यंत तरंगत जाऊ शकतं. सेसना १७२ या छोट्या इंजिनाच्या विमानाचा हाच आकडा ९ किलोमीटरच्या आसपास. हडपसरला विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) वर ओढलेली ग्लायडर ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या ग्लायडरांपैकी बहुतेकांना इंजिनच नसतं.

मग आदळतं कसं? बहुतेकदा शेवटच्या काही मीटरांत. विमान जमिनीपासून फार उंचावर असतानाच शिकाऊ वैमानिक त्याचं नाक उचलतो, वेग घटतो आणि पंखांची उचल संपते. किंवा नाक उशिरा उचलतो आणि विमान तसंच जमिनीवर आदळतं. एअरब्रेक (उचल कमी करणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) पूर्ण उघडे असतील तर उतरण्याचा वेग आणखी वाढतो. पहिल्या धक्क्यानंतर विमान उसळतं, घाबरून नियंत्रणाची काठी पुढे ढकलली जाते आणि दुसरा दणका पहिल्यापेक्षा जबर बसतो. प्रशिक्षकाने नियंत्रण हातात घ्यायला मिळतात जेमतेम एक-दोन सेकंद. विद्यार्थ्याला चूक सुधारू द्यायची की आपण झडप घालायची, हा निर्णय बाहेरून वाटतो तेवढा सोपा नसतो.

आणि ‘अपघात’ या शब्दाने दचकू नका. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार कुणाला खरचटलं नसलं, तरी सांगाड्याचं मोठी दुरुस्ती लागेल असं नुकसान झालं की त्याची नोंद अपघात म्हणूनच होते.