खुलासा : कंपनीच्या मायलेजने पेट्रोलचा खर्च काढू नका

‘महिन्याचे किलोमीटर भागिले कंपनीचे मायलेज, गुणिले दर’ हा पेट्रोल खर्चाचा हिशेब सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. सूत्र बरोबर आहे, पण त्यात घातलेला आकडा चुकीचा आहे. प्रमाणित मायलेज प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर ठरावीक वेगक्रमाने आणि एसी बंद ठेवून मोजतात. सिग्नल, घाट, भरलेली डिकी यांतले काहीच तिथे नसते.

खरा आकडा टाकी ते टाकी काढावा. नोझल आपोआप बंद पडेपर्यंत पेट्रोल भरा, वर थेंबही नको. ट्रिप मीटर शून्यावर आणा. निदान 300 किमी चालवून शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलवर पुन्हा तसेच भरा. 420 किमीला 28 लिटर लागले, तर मायलेज 15. लिटरला 105 रुपये धरले तर किलोमीटरला 7 रुपये. कागदावरच्या 20 च्या मायलेजने हेच 5.25 येतात. महिन्याला 1000 किमी असतील, तर फरक 1750 रुपयांचा!

एका फेरीवर विसंबू नका. नोझल लवकर बंद पडले तरी आकडा फुगतो. तीन-चार फेऱ्यांचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर करा. प्रत्येक फेरीच्या मायलेजची सरासरी काढणे चूक आहे.

जुने आकडेही वापरू नका. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ई-20 वर, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या आताच्या पेट्रोलवर, मायलेज थोडे उतरते.